शुद्धीचे काम शरीराचे, शिधा आपला

शरीरातली घाण काढणारे पेय, पोट धुऊन काढणारे चूर्ण, यकृत स्वच्छ करणारा काढा, सात दिवसांचा रसाहार अशा गोष्टींच्या जाहिराती आता वडवणीच्या बाजारपेठेपासून डोंगरपट्ट्यातल्या वस्तीवरच्या मोबाइलपर्यंत पोहोचल्या आहेत. या सगळ्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. शरीरात विषारी द्रव्ये साठत राहतात आणि ती काढायला बाहेरून काहीतरी विकत घ्यावे लागते. पुढची पाने या समजुतीच्या विरोधात लिहिलेली आहेत. नको ती द्रव्ये निष्प्रभ करून बाहेर टाकण्याचे काम यकृत, मूत्रपिंडे, आतडी आणि फुप्फुसे जन्मापासून करीत असतात, झोपेतही करीत असतात, आणि कोणतेही पेय ते काम त्यांच्या वतीने करू शकत नाही. पण हे काम फुकटात होत नाही. त्याला पाणी लागते, प्रथिने लागतात, जीवनसत्त्वे आणि क्षार लागतात, चोथा लागतो, विश्रांती लागते. म्हणून शरीराची शुद्धी हा विषय खरे तर शिध्याचा विषय आहे. जे शरीर रोज सफाई करतेच आहे, त्याला त्या कामापुरते मिळते का, एवढेच विचारायचे. बीड–परळी रस्त्यावरच्या या वडवणी तालुक्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कितीतरी जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. त्यांच्या बाबतीत हा प्रश्न चुलीपाशी थांबत नाही. तो उसाच्या फडापर्यंत, मजूर नेणाऱ्या मुकादमापर्यंत आणि साखर कारखान्यापर्यंत जातो.

आधी यकृताचे काम समजून घेऊ, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. प्रौढ माणसाचे यकृत साधारण दीड किलोचे. आतड्यांतून शोषले गेलेले बहुतेक अन्न, औषध, दारू, भाजीवरचा फवारणीचा अंश, हे सगळे रक्तावाटे शरीरभर पसरण्याआधी यकृतात येते. यातली अनेक द्रव्ये स्निग्ध पदार्थांत विरघळणारी असतात आणि तशीच राहिली तर लघवीवाटे निघू शकत नाहीत. यकृतातली विकरे आधी त्यांच्यात रासायनिक बदल घडवतात; मग त्यांना ग्लुकुरॉनिक आम्ल, सल्फेट, ग्लुटाथायोन किंवा एखादे अमिनो आम्ल जोडून पाण्यात विरघळण्याजोगी करतात. या दोन पायऱ्यांच्या मध्ये एक धोक्याची जागा आहे. पहिल्या पायरीवर तयार झालेले द्रव्य कधी कधी मुळापेक्षा घातक असते, आणि दुसऱ्या पायरीला लागणारा साठा संपलेला असेल तर ते यकृताच्याच पेशी मारते. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी हे याचे अगदी नेहमीचे उदाहरण. ठरलेल्या मात्रेत घेतली तर तिच्यापासून होणारे थोडेसे घातक द्रव्य ग्लुटाथायोन लगेच बांधून टाकते. मात्रा फार वाढली तर ग्लुटाथायोन संपते आणि यकृत निकामी होऊ लागते. त्यावर १९७० च्या दशकापासून जगभर वापरला जाणारा उतारा म्हणजे एन-असिटिल सिस्टीन, आणि तो काम करतो कारण ग्लुटाथायोन बनवायला लागणारे सिस्टीन हे अमिनो आम्ल तो पुरवतो. म्हणजे ज्याला वैद्यकशास्त्र खरोखर विषावरचा उतारा म्हणते, त्यानेही यकृताला कच्चा मालच दिला. काम यकृतानेच केले. उपाशी माणसात, कुपोषितात आणि सतत दारू पिणाऱ्यात हा साठा आधीच कमी असतो, म्हणून त्यांना कमी मात्रेतही इजा होऊ शकते. आहार आणि विषनिर्मूलन यांचे नाते याहून स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण मिळणे अवघड आहे.

ग्लुटाथायोन बनते ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांपासून, आणि अमिनो आम्ले येतात प्रथिनांतून. इथे वडवणीच्या पारंपरिक ताटाकडे पाहावे. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनात लायसीन कमी असते, पण गंधकयुक्त अमिनो आम्ले, म्हणजे मेथिओनीन आणि सिस्टीन, बऱ्यापैकी असतात. तूर, मूग, मटकी, हुलगा यांत लायसीन भरपूर, पण गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी. भाकरीबरोबर घट्ट वरण किंवा उसळ खाल्ली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. ही जोडी ठरवायला कोणी प्रयोगशाळा उघडली नव्हती; कोरडवाहू रानात जे पिकते त्यातूनच ती जुळली. मात्र जोडी पुरी व्हायला दोन्ही पदार्थ ताटात यावे लागतात, आणि तिथेच आज खरी ओढाताण आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहारसूत्रे प्रसिद्ध केली. त्यात दोन हजार किलोकॅलरींच्या ताटासाठी धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, डाळी-अंडी-मांस यांतले मिळून ८५ ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, शेंगदाणे-तीळ-जवस यांसारखे दाणे ३५ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर असे माप दिले आहे. मजुराच्या घरात धान्याचा आकडा सहज ओलांडला जातो, कारण पोट भाकरीनेच भरायचे असते; डाळीचा आणि भाजीचा आकडा मात्र गाठला जात नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, डाळ बाजारातून आणावी लागते. तालुक्याची राने कापूस आणि सोयाबीनने भरलेली आहेत. सोयाबीनमध्ये जवळपास चाळीस टक्के प्रथिन आहे, आणि ते पोत्यांनी आडतीवर जाते. घरी कोणी खात नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात, म्हणून ते नीट शिजवून किंवा भाजूनच खायचे. भाजलेले सोयाबीन दळणात दहाला एक या प्रमाणात मिसळले तर भाकरीची चव फारशी बदलत नाही. विकायला नेताना त्यातली एखादी पायली घरी राखली तरी बरेच दिवस पुरेल.

पालेभाज्यांबद्दल थोडे सावकाश लिहिले पाहिजे, कारण या मुलखाची खरी श्रीमंती तिथे आहे. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, कुंजीर, तरोटा. नंतर अंबाडी, शेपू, मेथी. थंडीत पाथरी, करडईची कोवळी पाने, हरभऱ्याचे खुडलेले शेंडे. यातल्या कितीतरी पेराव्या लागत नाहीत, निंदताना हाताला येतात. हरभऱ्याचा किंवा मेथीचा घोळाणा कसा करतात ते पाहा. पाने धुऊन बारीक चिरायची, त्यात चिरलेला कांदा, शेंगदाण्याचे कूट, तिखट-मीठ आणि वरून कच्चे तेल घालून हाताने कालवायचे; शिजवायचे काहीच नाही. पाने आणि कांदा कच्चे असल्याने क जीवनसत्त्व टिकते, तेलामुळे पानांतले कॅरोटीन अंगी लागते, कुटातून प्रथिन येते, आणि चोथा तर भरपूर. फोलिक आम्ल हे नाव पुस्तकी असले तरी ते या पानांतच असते. अंबाडी शिजवून तिचे आंबट पाणी काढायचे, तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटायची, वरून लसणाची फोडणी द्यायची. धान्य, डाळ आणि पाला एकाच भांड्यात आले. जवसाची आणि कारळाची चटणी ओमेगा-३ गटातले आणि इतर उपयोगी तेल देते. या पदार्थांना कोणी शुद्धीकारक म्हणून विकत नाही, पण यकृताला आणि आतड्यांना जे लागते ते सगळे यांत आहे. चोथ्याचे काम तर थेट शुद्धीचेच. यकृत जी काही द्रव्ये पित्तात सोडते ती आतड्यात उतरतात. चोथा पित्ताम्ले बांधून विष्ठेवाटे बाहेर नेतो. चोथा कमी पडला आणि पोट साफ झाले नाही, तर त्यातले बरेचसे पुन्हा शोषले जाऊन यकृताकडे परत येते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की रसाहार केलेल्या कितीतरी लोकांना हलके वाटते, वजन उतरते, तोंडावर तजेला येतो. हे सगळे खोटे का? खोटे नाही, पण त्याचे कारण वेगळे आहे. दोन-तीन दिवस पोटभर खाल्ले नाही की यकृतातली आणि स्नायूंतली साठवलेली साखर बरीचशी संपते, आणि तिच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असल्याने तेही निघून जाते. काट्यावर उतरलेले ते दोन किलो बहुतांशी पाणीच असते आणि जेवण सुरू झाले की परत येते. शिवाय त्या दिवसांत माणूस तळलेले खात नाही, दारू घेत नाही, चहातली साखर थांबते, वेळेवर झोपतो. बरे वाटण्याला एवढे पुरे आहे. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी बाजारात विकल्या जाणाऱ्या अशा आहारपद्धतींवरचे सगळे संशोधन तपासले. त्या परिणामकारक असल्याचे दाखवणारी, योग्य रीतीने केलेली तुलनात्मक चाचणी त्यांना सापडली नाही. कोणते विष, किती, आणि ते कमी झाले हे कोणत्या तपासणीने कळले, असे विकणाऱ्याला विचारून पाहावे. उत्तर मिळत नाही.

त्यातून पैसे गेले एवढेच असते तर इतके लिहायची गरज नव्हती. पण अपाय होतो आणि तो नोंदलेला आहे. दुधी भोपळ्याचा रस रोज पिण्याची लाट देशभर आली तेव्हा कडू निघालेल्या भोपळ्याच्या रसाने रक्ताच्या उलट्या, रक्तदाब कोसळणे आणि मृत्यूही घडले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली आणि कडू लागलेला रस एक घोटही न पिता फेकून द्यावा, असा सल्ला लोकांपर्यंत गेला. कडवटपणा पोटाला चांगला, या समजुतीने लोकांनी तो नेटाने पिऊन संपवला होता. पालकासारख्या भाज्यांचे रस रोज मोठ्या प्रमाणात प्यायल्याने ऑक्झलेटचे स्फटिक साचून मूत्रपिंडे बिघडल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. तीच भाजी शिजवून, डाळीबरोबर, जेवणात खाल्ली तर हा धोका सहसा येत नाही. आणि करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तो आक्षेप गैर नव्हता. पुढे देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यातल्या अनेकांत स्वतःच्याच यकृतावर हल्ला करणारी प्रतिकारशक्तीची प्रवृत्ती आधीपासून दबलेली असावी, असे दिसले. गुळवेल सर्वांना विष आहे, असा याचा अर्थ नाही. यकृताचे रक्षण करायला म्हणून घेतलेली वस्तूही यकृतालाच निस्तरावी लागते, एवढा अर्थ नक्की आहे.

दुसरा आक्षेप अधिक आदराने ऐकण्यासारखा आहे. आपल्या परंपरेत पंचकर्म आहे, लंघन आहे, एकादशी आहे. मग आपले पूर्वज चुकले का? आयुर्वेदातले शोधन हे घरी ऐकीव माहितीवर करायचे कर्म कधीच नव्हते. रोग्याचे बळ, वय, ऋतू पाहून वैद्याने ते ठरवायचे. दुर्बळाला ते द्यायचे नाही. आणि कर्म झाल्यावर पेजेपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने पूर्ण आहारावर आणायचे, हा त्याचाच भाग आहे. म्हणजे परंपरेनेही सर्वांत जास्त काळजी आहाराचीच घेतली. ज्याचे पोट रोज भरते, त्याने पंधरवड्यातून एक दिवस हलके खाल्ले तर नुकसान नाही. पण महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदलेले सत्य समोर ठेवून बोलायला हवे. सकाळपासून रानात राबणाऱ्या आणि सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे उपवास धरणाऱ्या बाईच्या ताटात त्या दिवशी साबुदाणा येतो. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिन जवळजवळ नाहीच. तिच्या शरीराला त्या दिवशी विश्रांती मिळत नाही, तूट मिळते. उपवास श्रद्धेचा विषय आहे आणि तो तिचा तिने ठरवावा. पण फराळात शेंगदाण्याचा लाडू, राजगिरा, दूध, ताक, केळे आले तर श्रद्धाही राहते आणि शरीरही.

आता फडाकडे जाऊ, कारण शरीरशुद्धीची खरी कसोटी तिथे लागते. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले जवळजवळ सगळे पाणी परत रक्तात घेऊन साधारण दीड लिटर लघवी बाहेर टाकतात. यकृताने अमोनियापासून बनवलेला युरिया, औषधांचे अवशेष, जास्तीचे क्षार त्या दीड लिटरातून जातात. घाम खूप गेला आणि पाणी कमी पडले की मूत्रपिंडे लघवी घट्ट करीत जातात, आणि हे महिनोन्महिने रोज घडले तर त्यांना इजा होते. ऊसतोड करणारी बाई पहाटे तीन-चारला उठून कोपीपुढच्या चुलीवर भाकरी थापते, उजाडण्याआधी फडात उभी राहते, दिवसभर वाकून ऊस साळते, मोळ्या बांधते आणि तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन शिडीवरून गाडीत चढवते. फडात शौचालय नाही. म्हणून ती पाणीच कमी पिते. लघवीला जावे लागू नये हा तिच्यापुरता हिशेब असतो आणि तो तिच्यावर लादलेला असतो. त्यात पाठीच्या, कमरेच्या दुखण्यावर रोज वेदनाशामक गोळी. पाणी कमी असताना घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात, हे औषधशास्त्रातले पक्के ज्ञान आहे. मूत्रमार्गाचे आणि गर्भाशयाचे संसर्ग वेगळेच. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीपुढे आलेल्या आकडेवारीनुसार बीड जिल्ह्यात तपासलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. या बायांना शरीर शुद्ध करणारे पेय सुचवणे हा त्यांचा अपमान आहे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला याच पिकात याच कामातून मिळालेला पुरावा इथे उपयोगी पडतो. २००२ मध्ये एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी लिहिले की त्यांच्याकडे मूत्रपिंडे निकामी झालेले असे रुग्ण येत आहेत, ज्यांना मधुमेह नाही, रक्तदाब नाही. बहुतेक तरुण पुरुष, शेतमजूर. निकाराग्वातल्या चिचिगाल्पा या ऊसपट्ट्यात तर हा आजार घरटी ओळखीचा झाला होता. उष्णतेतले अंगमोड कष्ट आणि वारंवार पाणी तुटणे हे मुख्य कारण असावे, असे अनेक संशोधक मानतात. कीटकनाशके आणि इतर घटकांचा वाटा किती यावर अजून वाद आहे. पण कारणाचा वाद मिटायची वाट न पाहता तिथल्या कारखान्यांवर पाणी, विश्रांती आणि सावली यांचा कार्यक्रम आखण्यात आला. ठरलेल्या वेळाने सक्तीची सुट्टी, फडाच्या कडेला तंबूची सावली, पुरेसे पाणी आणि क्षारद्रव. सुट्ट्या वाढवल्या आणि सावली वाढवली तशा हंगामात मूत्रपिंडाला होणाऱ्या इजेच्या घटना कमी झाल्याचे मोजमापातून दिसले. आपल्याकडे कोणी म्हणेल की आमची तोडणी थंडीत सुरू होते, ऊस जाळून तोडत नाहीत, तेव्हा हे आम्हाला लागू नाही. हंगामाची सुरुवात थंडीत होते हे खरे. पण तो मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, आणि सोलापूर-अहिल्यानगरकडचा एप्रिल काय असतो हे तिथे गेलेल्या प्रत्येक कोयत्याला, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोडप्याला, ठाऊक आहे. पाणी न पिण्याचे कारण तर बारा महिने तेच राहते. आजाराची साथ येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे नाही. फडात जाताना लघवीचा रंग पाहावा. ती फिकट पिवळी असेल तर पाणी पुरते आहे, गडद असेल तर तूट आहे. एवढी तपासणी कोणालाही करता येते. एकदम खूप पाणी न पिता दर अर्ध्या तासाने थोडे थोडे प्यावे, आणि घाम निथळत असेल तेव्हा मीठ घातलेले ताक किंवा जलसंजीवनी त्यात असावी.

फडावरचा शिधाही विचार करून बांधता येतो. पाच-सहा महिन्यांच्या बिऱ्हाडात ताजी भाजी रोज मिळत नाही आणि सरपणही जपून वापरावे लागते. अशा वेळी मटकी हे फार मोलाचे कडधान्य आहे. ती वाळलेली टिकते, रात्री भिजवून फडक्यात बांधली की चुलीशिवाय मोड येतात, आणि वाळल्या दाण्यात नसलेले क जीवनसत्त्व मोडांत तयार होते. कांदा, लिंबू आणि मीठ घालून ती नीट धुऊन कच्ची किंवा वाफवून खाता येते. फडावरच्या पाण्याचा भरवसा नसेल तर वाफवणेच बरे. हुलग्याचे पीठ, भाजलेले शेंगदाणे, जवसाची चटणी, वाळवलेली मेथी, फुटाणे आणि गूळ हे सगळे गाडीच्या कोपऱ्यात मावते. अंडी खाणाऱ्यांना जवळच्या गावात अंडी मिळतात. सिस्टीन आणि कोलीन ही दोन्ही त्यांतून चांगली मिळतात, आणि कोलीन यकृतात चरबी साचू न देण्याच्या कामी येते. रेशनकार्ड देशात कुठेही चालते, ही सोयही तोडणीला गेलेल्यांनी हक्काने मागावी.

शेवटी, अन्नाच्या मर्यादा न सांगता या विषयाची ओळख पुरी होत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. वडवणीतही कापूस आहे आणि तीच औषधे आहेत. फवारणीचे विष त्वचेतून आणि श्वासातून थेट आत जाते. त्यावर लिंबूपाणी, काढा, दूध, तूप यांचा काहीही उपयोग नाही. चक्कर, मळमळ, लाळ, डोळ्यांची बाहुली बारीक होणे दिसले की कपडे काढून साबणाने अंग धुवायचे, औषधाची बाटली किंवा वेष्टन बरोबर घ्यायचे आणि दवाखाना गाठायचा, कारण सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या विषावर ॲट्रोपीनसारखा उतारा तिथेच मिळतो. बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइड आणि नायट्रेटचेही तसेच. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण हे दोन्ही जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असलेले पाणी पिण्यायोग्य नाही. दूध-ताकातले कॅल्शियम फ्लोराइडचे शोषण काही अंशी रोखते, पण तो दुय्यम आधार झाला. आधी पाण्याचा स्रोत बदलला पाहिजे. मिश्री, तंबाखू, गुटखा आणि दारू यांच्या बाबतीत तर आहाराने भरपाई करण्याची कल्पनाच सोडून द्यावी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तरी तो मिळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि ज्यांचे अंगमेहनतीचे काम सुटले, बसून काम आले, चहात दोन चमचे साखर आणि संध्याकाळी भजी-फरसाण राहिले, त्यांच्या यकृतात चरबी साचू लागते. तिच्यावर आजवर सिद्ध झालेला सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वजन सात ते दहा टक्के हळूहळू कमी करणे, साखर आणि तळण घटवणे, रोज चालणे. तोही ताटातलाच उपाय आहे.

वाचकांना विनंती आहे ती कामाची. विहिरीचे, बोअरचे पाणी वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, प्रयोगशाळेत तपासायला ग्रामपंचायतीला भाग पाडा. सोयाबीन आणि तूर विकण्याआधी घरापुरती बाजूला काढा. काढ्याची बाटली घ्यायला निघालेल्या शेजाऱ्याला तेवढ्याच पैशांत किती किलो डाळ येते ते सांगा, आणि कावीळ, अंगावर सूज किंवा लघवीत रक्त दिसले तर कोणत्याही घरगुती शुद्धीच्या नादी न लागता त्याला ग्रामीण रुग्णालयात न्या. तोडणीला जाणाऱ्या टोळ्यांनी मुकादमाशी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ठरवताना पिण्याचे पाणी, बायांसाठी शौचालय आणि दुपारची सुट्टी यांची अट त्याच बैठकीत घालावी. उचल हाती पडल्यावर ती घालता येत नाही.